कोरा चहा

दार्जिलिंगहून परत येऊन चार दिवस झाले होते. मे महिन्यातली संध्याकाळ होती, अंगणातली फरशी दोनदा पाणी मारूनही पायाला चटके देत होती, आणि शेजारच्या अक्का नेहमीप्रमाणे विड्यांचे सूप बाजूला ठेवून, हात धुऊन, पाचच्या सुमारास आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांच्यासाठी डोंगरावरून आणलेला चहा केला. पाणी उकळून क्षणभर खाली उतरवून ठेवले, चिमटीने मोजून पाने टाकली, घड्याळाकडे बघत तीन मिनिटे थांबले आणि पातळ मधासारख्या रंगाचा तो चहा काचेच्या पेल्यातून त्यांच्यासमोर ठेवला. अक्कांनी पेल्यात पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “दूध संपलंय काय गं? माझ्याकडनं आणते की.”

त्या आवाजातली काळजी इतकी खरी होती की मला पटकन उत्तर देता आले नाही.

मग मी त्यांना सांगितले की हा चहा असाच, दूध-साखर न घालता पितात आणि शंभर ग्रॅमला त्याचे सातशे रुपये पडले. अक्कांनी एक घोट घेतला, “वास चांगलाय,” एवढेच म्हणाल्या आणि गाळणीत उरलेल्या चोथ्याकडे हात नेला. त्यातले एक भिजलेले पान त्यांनी बोटाने अलगद उचलून डाव्या तळहातावर ठेवले आणि अंगठ्याने उलगडले. वळून सुईसारखे झालेले ते पान पाण्यात आपल्या मूळ आकाराला आले होते : दोन कोवळी पाने आणि मधला कोंभ, एकाच देठाला. पन्नास वर्षे तेंदूची पाने हाताळलेल्या त्या तळहाताला हे वाचायला वेळ लागला नाही. “हे एकेक करून हातानं तोडलंय,” त्या म्हणाल्या. “दिवसाला किती तोडायला लागतंय तिला?” आणि मी काही बोलण्याआधीच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, “आणि काटा कोण धरतंय?”

मला ठाऊक नव्हते. पाच दिवस मी त्या मळ्यांमधून हिंडले होते. माझ्या वहीत पाणी किती तापवायचे, पाने किती वेळ ठेवायची, पहिल्या बहराचा चहा कोणता आणि दुसऱ्याचा कोणता, हे सगळे टिपलेले होते. तोडलेल्या पानांचे वजन करणारा काटा कोणाच्या हातात असतो, हे मात्र मी कोणालाही विचारले नव्हते. ते विचारायला हवे, असे मनातही आले नव्हते.

आमच्या घरी दूध नसलेल्या चहाला कोरा चहा म्हणत आणि तो शब्द उच्चारताना आईचा आवाज थोडा खाली जात असे. वडील जुन्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८७७ साली सुरू झालेल्या त्या गिरणीच्या भोंग्यावर अर्ध्या सोलापूरची घड्याळे लागत. तिसऱ्या पाळीला जाण्यापूर्वी वडील उंबऱ्यापाशी पाटावर बसून चहा घेत. कप बशीवर ठेवलेला, चहा बशीत ओतलेला, बशी दोन्ही हातांच्या बोटांवर तोललेली, आणि फुंकर घातल्यावर दुधाची सुरकुती एका कडेला सरकलेली : हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आजही जसेच्या तसे आहे. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती सुरकुती दिसत नसे. आई गुळाचा कोरा चहा करी, त्यात आल्याचा तुकडा जरा जास्त ठेचून टाकी आणि वडील काही न बोलता तो पिऊन, कप उपडा घालून निघून जात. पाहुणा आला तर आई मागच्या दाराने वाटी घेऊन शेजारी जाई. त्या वेळच्या आमच्या गल्लीत अशी वाटी कोणाकडून कोणाकडे गेली, याचा हिशेब कोणी ठेवत नसे आणि कोणी विसरतही नसे. अक्कांनी माझ्या स्वयंपाकघरात हलक्या आवाजात जे विचारले, ते त्या वाटीच्याच भाषेत विचारले होते.

चहा आपल्याकडे मुळात असा घरचा नव्हताच. तो विलायतेला पाठवण्यासाठी पिकवला जात होता. इथल्या लोकांना त्याची सवय लावावी म्हणून १९०३ साली कायदा करून चहावर उपकर बसवला गेला आणि त्या पैशांतून पुढे कित्येक वर्षे गावोगावी प्रचार झाला. कारखाने, खाणी, गिरण्या अशा कष्टाच्या ठिकाणी चहाची सुट्टी आणि चहाचे ठेले यावेत, यासाठीही प्रयत्न झाले. आसामात १९३० च्या सुमारास पाने चिरडून, फाडून, वळवून त्यांचे बारीक दाणे करणारे यंत्र आले. त्या दाण्यांचा चहा झटकन उतरतो, रंगाला गडद होतो, भरपूर दूध-साखर पेलतो आणि थोड्या भुकटीत पुष्कळ कप होतात. साच्यावर आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला जो चहा परवडला तो हा. वडिलांच्या बशीतला चहा या वाटेने आमच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. दार्जिलिंगचा चहा त्या वाटेवर कधी नव्हताच. त्याचे नाव मी पहिल्यांदा भूगोलाच्या पुस्तकात वाचले आणि पुढे तीस वर्षे शाळेत ते नाव मुलींकडून नकाशात भरून घेतले.

त्यामुळे परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या अखेरीस, न्यू जलपायगुडीच्या स्टेशनाबाहेर जीपमध्ये बसले तेव्हा माझ्या मनात एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे निघाल्याची भावना होती. कर्सियांग, सोनादा, घूम अशी गावे मागे पडत गेली. रस्त्याच्या अगदी कडेने, दुकानांच्या पायऱ्यांना जवळजवळ घासत, दोन फूट रुंदीचे रूळ आमच्या सोबत चढत होते. ही छोटी गाडी १८८१ पासून या वाटेने चढते आहे. सोलापुरात डोंगर म्हणजे क्षितिजावरची एक पुसट रेघ. इथे डोंगर खिडकीला टेकलेला होता आणि त्याच्या अंगावर, जिथे उभे राहणेही मला कठीण वाटले असते अशा उतारांवर, चहाची झुडपे एकमेकांना खेटून बसली होती. वरून पाहिले की वाटते, कोणीतरी जाड हिरवी गोधडी खाली सरकू नये म्हणून दगडांखाली दाबून ठेवली आहे. मधूनच धुके येई, समोरची अख्खी टेकडी नाहीशी होई आणि त्या पांढऱ्या शून्यातून बायकांच्या हसण्याचा आवाज येई. दिसत कोणीच नसे.

मळा दाखवणारा तरुण मोठ्या प्रेमाने बोलत होता. त्याने सांगितले की ही झुडपे नाहीतच, झाडे आहेत. मोकळी सोडली तर उंच वाढतील. कमरेच्या उंचीवर छाटत राहिल्यामुळे ती शतकभर अशी पसरट राहिली आहेत. १८४१ साली डॉक्टर कॅम्बेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे पहिले बी लावून पाहिले, १८५० नंतर मळे उभे राहिले, आणि आसामच्या मोठ्या पानाच्या जातीऐवजी चीनची बारीक पानाची जात या थंडीत रुजली. मार्चमध्ये, हिवाळ्याची झोप संपल्यावर फुटणारी पालवी हा पहिला बहर, आणि मे-जूनमधला तो दुसरा. दुसऱ्या बहराच्या चहाला पिकलेल्या द्राक्षासारखा एक वास येतो, आणि तो कशामुळे येतो हे ऐकून मी चालता चालता थांबले. त्या दिवसांत पानांवर तुडतुडे आणि फुलकिडे येतात. ते रस शोषतात, पान आपल्या बचावासाठी काही द्रव्ये तयार करते, आणि त्या द्रव्यांतून तो सुगंध येतो. माझ्या दिराची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. फुलकिडे हा शब्द मी आजवर फक्त त्यांच्या तोंडून, फवारणीच्या खर्चाबरोबर आणि कपाळावरच्या आठीबरोबर ऐकला होता. ज्या किडीमुळे एका शेतकऱ्याच्या फळावर चट्टे पडून त्याचा भाव निम्मा होतो, त्याच किडीच्या जातभाईंमुळे दुसऱ्या डोंगरावर पानाचा भाव कितीतरी वाढतो, हे मी वहीत दोनदा अधोरेखित करून लिहिले.

कारखान्याच्या इमारतीत शिरताच जो वास आला, त्याने मला थेट गावाकडच्या शेतात नेले. लांबच लांब जाळ्यांवर ताजी पाने सुकत पसरलेली होती आणि खालून पंख्यांची हवा सोडलेली होती. रात्रभर असे पडून पान मऊ होते, त्यातले बरेचसे पाणी जाते आणि मग ते वळता येते. तो वास कापलेल्या गवताचा होता, त्यात किंचित पेरूचा गोडवा होता आणि त्याखाली एक दुधाळ, कच्ची हिरवी चव होती, कोवळ्या ज्वारीचे कणीस हातावर चोळताना येते तशी. हुरड्याच्या दिवसांत आमच्या चुलत्यांच्या शेतावर हाच वास असतो. पानांच्या थराखाली हात घालून पाहण्याची परवानगी मिळाली. ती थंड होती, चामड्यासारखी लवचिक होती आणि मूठ उघडताच हळूहळू पुन्हा पसरत होती. साडेचार-पाच किलो अशा ओल्या पानांतून एक किलो चहा तयार होतो, असे तरुणाने सांगितले. मी तेही लिहून घेतले. तेव्हा जर मी एक पाऊल पुढे जाऊन विचारले असते की ही पाच किलो पाने कोणी, किती वेळात, कशाच्या बदल्यात खुडली, तर अक्कांना उत्तर देता आले असते.

हुरड्याचे नाव निघाले म्हणून सांगते. गेली काही वर्षे चुलत्यांच्या शेतावर हिवाळ्यात पुण्याहून, हैदराबादहून गाड्या येतात. गोवऱ्यांच्या आरात कणसे भाजली जातात, शेंगांची चटणी, दही, गूळ मांडला जातो, पाहुणे बैलगाडीत बसून चक्कर मारतात आणि काकूंच्या डोक्यावरचा पदर व त्यांचे भाकरी थापणारे हात यांची छायाचित्रे काढतात. काकूंना त्याचे वाईट वाटत नाही. दोन पैसे येतात, लोक जेवून तृप्त होतात, कौतुक करतात. पण संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, “ज्वारी कशी आहे ते सगळे विचारत्यात, ज्वारीला भाव काय मिळाला ते एकानं बी विचारलं नाही.” हे वाक्य मी वर्गात मुलींनाही सांगितलेले आहे. आणि तरीही दार्जिलिंगच्या उतारावर उभी राहिले तेव्हा मी त्या गाड्यांमधून उतरणाऱ्या पाहुण्यांपैकीच एक होते.

मळ्याच्या तोंडाशी पर्यटकांना पान खुडणाऱ्या बायकांचा वेश भाड्याने मिळतो. मी तोही घातला. लाल चोळी, डोक्याला रुमाल, पाठीवर बांबूची टोपली. टोपलीला तिकडे डोको म्हणतात. ती खांद्याला अडकवत नाहीत. तिचा पट्टा, नाम्लो, कपाळाच्या वर डोक्यावरून घेतात आणि सगळा भार मानेवर तोलतात. रिकामी टोपली असूनही दोन मिनिटांत माझी मान आखडली. तिथे बसलेल्या एका बाईंनी उठून माझा पट्टा नीट केला, तो कपाळावर फार खाली आला होता तो बोटभर वर सरकवला, आणि त्याच क्षणी नवऱ्याने छायाचित्र काढले. अक्का गेल्यावर त्या रात्री मी ते छायाचित्र मोबाइलवर पुन्हा उघडले. मी हसते आहे, मागे हिरवे उतार आहेत, धुके आहे. आणि चौकटीच्या उजव्या कडेला मनगटापर्यंतचा एक हात आत आलेला आहे. मी तो मोठा करून पाहिला. अंगठा आणि पहिले बोट यांच्या पेरांवर बारीक आडव्या चिरा होत्या आणि त्या चिरांमध्ये काळपट तपकिरी रंग मुरलेला होता. नखांच्या कडाही तशाच. पानाच्या चिकाचा हा डाग असावा. तो धुऊन जाणारा नव्हता.

अशी बोटे मी रोज पाहते.

सोलापूरचा आमचा पूर्व भाग हातमाग-यंत्रमागांचा जितका आहे, तितकाच विड्या वळणाऱ्या बायकांचा आहे. तेलुगू बोलणाऱ्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालत आले. तेंदूची पाने रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा मापाचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन एकेका पानात तंबाखू पसरायचा, वळायचे, तोंड मुडपायचे, दोऱ्याचा वेढा द्यायचा. पंचवीस विड्यांची एक जुडी, आणि मजुरी हजार विड्यांवर. अक्का बोलत असतानाही त्यांच्या हातातली विडी थांबत नाही आणि त्या कधीही मोजताना चुकत नाहीत. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या वह्यांना तंबाखूचा वास येत असे. आयांना हातभार लावून त्या शाळेत येत, आणि फळ्यावर लिहायला बोलावले की खडूच्या पांढऱ्या भुकटीखाली त्यांच्या बोटांचा पिवळा-तपकिरी रंग दिसे. संध्याकाळी बायका वळलेल्या विड्या घेऊन कारखान्याच्या शाखेत जातात. तिथे तपासणारा माणूस बसलेला असतो. तो जुड्या हातात घेऊन फिरवतो आणि मनाला येतील त्या विड्या छाट म्हणून बाजूला टाकतो. छाटलेल्या विडीचे पैसे मिळत नाहीत. हजार विड्यांसाठी जी पाने तोलून दिलेली असतात, त्यांतली किडकी, फाटकी निघाली तर कमी पडलेली पाने बाईने स्वतःच्या पैशांनी विकत आणायची. म्हणून पान किती, एवढे विचारून अक्का थांबल्या नाहीत. दिवसभराच्या कामाची किंमत हाताच्या वेगावर ठरत नाही, ती शेवटी तोलणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसाच्या हातात असते, हे त्यांनी पन्नास वर्षे रोज संध्याकाळी अनुभवले आहे.

दार्जिलिंगमध्ये आम्ही उतरलो होतो ते एका मळ्याच्या कामगार वस्तीतले घर होते. वरच्या दोन खोल्या त्या घरच्या सुनेने पाहुण्यांसाठी नीटनेटक्या केल्या होत्या. खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या होत्या आणि ढग विरळ झाले की कांचनजंगेचा एक कोपरा दिसे. घरातल्या सासूबाईंनी तीस वर्षे पाने खुडली होती. त्यांच्या गुडघ्यांनी आता उतार सोडला होता. मळ्याला तिकडे कमान म्हणतात, आणि त्या स्वतःच्या आयुष्याविषयी बोलताना ‘कमानमध्ये होते तेव्हा’ असेच म्हणत. शहरातल्या एका दालनात आम्ही त्या दुपारी पाच प्रकारचे चहा चाखून आलो होतो. पांढऱ्या पेल्यांची रांग, प्रत्येकात अडीच ग्रॅम पान, वाळूचे घड्याळ, घोट तोंडात घेताना हवा कशी ओढायची याचे प्रात्यक्षिक. आम्हा दोघांचे मिळून पाचशे रुपये झाले होते. संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी स्टीलच्या पेल्यातून चहा पुढे केला. तो दाण्यांचाच चहा होता, दूध घालून खूप उकळलेला, भरपूर साखरेचा, आणि त्यात ठेचलेली मिरी होती. थंडीत बोटे त्या पेल्याला चिकटून राहिली. मी त्यांना विचारले की तुमच्या कमानीतला चहा तुम्ही घरी करत नाही का. त्या म्हणाल्या, “वो तो बेचने का है ना.” आणि हसल्या. त्या हसण्यात तक्रार नव्हती, निदान मला ऐकू आली नाही.

त्या घराविषयी मला परत आल्यावर जास्त समजले. मळ्यातली घरे पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुटुंबांकडे आहेत, पण जमीन मळ्याकडे असते. घरातले कोणीतरी मळ्यात कामाला असेपर्यंत घर टिकते, म्हणून सासू थकली की सून किंवा लेक तिच्या जागी उभी राहते. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने मालकाने घर, दवाखाना, पाळणाघर द्यावे असे सांगितले, पण घराचा कागद दिला नाही. अक्कांच्या धाकट्या बहिणीला सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळाले. विडी कामगार बायकांसाठी तिथे दहा हजार घरे उभी राहिली, त्यांतले ते एक. दोन छोट्या खोल्या, पण कागदावर तिचे नाव आहे. ती तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवते. बंगाल सरकारने २०१९ साली मळ्यांच्या जमिनीपैकी १५ टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १५० एकर, पर्यटनासाठी आणि तशा उद्योगांसाठी वापरायला परवानगी दिली. सुनेच्या दोन खोल्यांत पाहुणे येतात, त्यातून तिला कमानीतल्या रोजापेक्षा बरे पैसे सुटतात, तिचा मुलगा शिकतो आहे, आणि माझ्यासारखीने तिथे जाऊ नये असे मी म्हणणार नाही. मी पुन्हाही जाईन. पण ज्या उतारावर चार पिढ्या राबल्या त्या उताराचा हातभर कागद त्यांच्याकडे नाही, आणि त्याच उतारावर मोठ्या निवासांसाठी जागा आखल्या जाऊ शकतात, हे वाचल्यापासून त्या खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंड्या आठवल्या की मला नुसते प्रसन्न वाटत नाही.

दार्जिलिंगच्या चहाला आणि सोलापूरच्या चादरीला एक नाते आहे. भौगोलिक निर्देशांकाची, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाचे नाव राखून ठेवणारी, नोंद देशात सुरू झाली तेव्हा २००४ साली पहिले नाव लागले ते दार्जिलिंग चहाचे, आणि त्यानंतरच्या पहिल्या काही नावांतच सोलापुरी चादर होती. दोन्ही नावे इतकी मोठी की दुसरीकडचा मालही त्या नावाने विकला जातो. दोन्ही ठिकाणी नाव वाढत गेले आणि काम आटत गेले. आमच्या गिरण्यांची धुराडी पडली, यंत्रमाग भंगारात गेले. तिकडे वर्षाला एक कोटी किलोच्या आसपास होणारा चहा आता साठ लाखांच्याही खाली आला आहे. २०१७ साली गोरखालँड या वेगळ्या राज्याच्या मागणीसाठी डोंगर १०४ दिवस बंद होता, तेव्हा दुसरा बहर झाडांवरच राहिला. सासूबाईंनी सांगितले होते की झुडपे डोक्याच्या वर गेली होती आणि त्यांच्यातून वाट काढताना त्यांना आपलीच कमान ओळखू येत नव्हती. हे ऐकताना मला गिरणी बंद झाल्यानंतरची पहिली काही वर्षे आठवली. भोंगा वाजत नव्हता तरी वडील ठरलेल्या वेळी उठून उंबऱ्यापाशी बसत आणि चहा मागत.

अक्कांचा प्रश्न मी पंधरा दिवस मनात वागवला. वाचून एवढे कळले की २०२३ साली बंगालच्या मळ्यांतली रोजची मजुरी २३२ रुपयांवरून २५० झाली. आम्ही चाखलेल्या पाच घोटांचे पाचशे रुपये म्हणजे दोन दिवसांचा रोज. पण काट्याचे उत्तर कुठे सापडेना. शेवटी एका रविवारी मी अक्कांना बोलावून घेतले, दार्जिलिंगच्या त्या सुनेला फोन लावला आणि सासूबाईंना बोलवायला सांगितले. फोन मोठ्या आवाजावर ठेवून ओट्यावर उभा केला. अक्कांची हिंदी सोलापूरची, दखनी वळणाची. सासूबाईंची नेपाळी चालीची. दोघींनी सुरुवातीला एकमेकींचे ऐकून घेतले, मग आवाज चढवला, मग सवय झाली.

“तुम्हारे उधर काटा कौन पकडता बाई?” अक्कांनी पहिल्यांदा तेच विचारले.

“बाबू पकडता है, दिदी,” पलीकडून उत्तर आले. “हम लोग टोकरी रखता है, वो लिखता है. बारिश में पत्ती भीगा रहता है तो पानी का काटता है. टोकरी का भी काटता है.”

“कितना काटता वो देखने देता क्या?”

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या की काही बाबू देतात, काही देत नाहीत. दिवसाचे ठरलेले वजन, त्याला त्या ठिका म्हणत होत्या, पुरे झाले की रोज पुरा. वसंतात कोंभ इतका बारीक असतो की दिवसभर हात चालवला तरी टोपलीला वजनच येत नाही. पावसाळ्यात पाने भराभर येतात, पण जळवा लागतात आणि भिजलेल्या पानांचे कापले जाते. महाग चहा बारीक कोंभाचा असतो आणि तो खुडताना ठिका गाठायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, “तुम्हारा गिनता है कि तौलता है?” अक्कांनी सांगितले की पान तोलून देतात आणि विडी मोजून घेतात, आणि छाट कशी काढतात तेही सांगितले. ते ऐकताना पलीकडून मध्येच “अँ, अँ” असा होकार येत होता, जणू शब्द समजण्याआधीच मजकूर समजत होता. मग दोघी गुडघ्यांवर आल्या, डोळ्यांवर आल्या, निवृत्तीनंतर हाती काय पडले त्यावर आल्या. दार्जिलिंगच्या बाईंना विडीची पाने कुठल्या झाडाची हे जाणून घ्यायचे होते. अक्कांना हे हवे होते की त्या उतारावर तान्हे मूल कुठे ठेवायचे. मी ओट्याला टेकून उभी होते. विचारण्यासारखे इतके असते हे मला त्या अर्ध्या तासात कळत होते, आणि हे सगळे मला तिथे, त्यांच्याच चुलीपाशी बसून विचारता आले असते, याची रुखरुख वाटत होती.

फोन ठेवण्याआधी अक्कांनी विचारले की तुम्ही घरी चहा कसा करता. सासूबाईंनी सांगितले. अक्का उठल्या, माझ्या डब्यांतून आमची रोजची भुकटी काढली, दूध घातले, साखर घातली, खलबत्त्यात मिरी ठेचली आणि पातेले तीनदा वर येईपर्यंत चहा उकळला. डोंगरावरून आणलेला डबा फडताळात तसाच होता. आम्ही दोघी उंबऱ्यापाशी बसलो. अक्कांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला आणि डोळे बारीक केले. मिरीचा तिखटपणा घशाला लागत होता.

“जास्त पडली काय गं?” म्हणत त्यांनी फोन पुन्हा माझ्या हातात दिला. “लाव की परत. ती किती दाणे टाकते, विचारते.”